डोळे घरीच काढायचे

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी आसगावच्या टिकारामांच्या सपरीतून, म्हणजे घरापुढच्या उघड्या पडवीतून, जितके लाकडी बैल बाहेर पडले, त्यातले बहुतेक पोळा झाल्यावर परत आले. प्रत्येक खोक्यासोबत तक्रार. कोणी लिहिलं होतं, माल खराब. कोणी लिहिलं होतं, काम अर्धवट. एका बाईने तर, देव तिचं भलं करो, सरळच लिहिलं होतं की बैल आंधळा आहे.

पार्सलवाला खोकी उतरवत होता आणि समोरच्या ओट्यावरची मंडळी मजा पाहत होती. "काय वं रुपा, बैल बाजारातून वापस आले का?" शेजारच्या ललिताबाईने विचारलं आणि ओट्यावर हशा पिकला. संध्याकाळपर्यंत गावाने नाव पण ठेवून दिलं होतं, आंधळ्या बैलांची कंपनी.

रुपा ही टिकारामांची धाकटी सून. बैल ऑनलाइन विकायची कल्पना तिची, एका मोठ्या खरेदीच्या ॲपवर फोटो टाकणारी तीच, आणि घोळ घालणारीही तीच.

बैलाला डोळे नाहीत हे लिहायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? आसगावात ते सांगायला लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. कोणी नाणं देतं, कोणी चॉकलेट. ही पद्धत तर सगळ्या विदर्भात आहे. पण टिकारामांच्या हातच्या बैलाची रीत जरा वेगळी. ते बैलाला शिंगं काढत, वशिंड काढत, कानशीने घासून पाठ गुळगुळीत करत, पण डोळे काढत नसत. डोळे पोळ्याच्या सकाळी घरचं लेकरू काढणार, घरच्याच दिव्याच्या काजळीने. आणि दुसऱ्या दिवशी तो बैल पहिल्यांदा टिकारामांच्या दारी येणार, बनवणाऱ्याला दाखवायला.

लग्न होऊन आली त्या वर्षी रुपाने कारण विचारलं होतं. टिकाराम म्हणाले होते, "डोळे उघडले का बैल पहिले जे घर पाह्यते, ते त्याचं. आपन उघडले तर तो आपला झाला. मंग दुसऱ्याच्या घरी त्याचं मन लागन का?"

टिकाराम काही सुतार नव्हेत. धानाची शेती करणारा माणूस. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या रिकाम्या पडल्या की शिवणीचं लाकूड घेऊन सपरीत बसायचे, ती सवय. आता शेती मोठा मुलगा कैलाश पाहत होता, धाकटा मनिष, म्हणजे रुपाचा नवरा, त्याच्या हाताखाली होता, आणि म्हाताऱ्याकडे उरली होती ती सपरी आणि पटाशी. ती सपरीही कैलाशच्या डोळ्यात सलत होती. पवनीचे व्यापारी भैय्यालाल शेठ यांना खताच्या पोत्यांसाठी गावात जागा हवी होती. सपरीला दार बसवलं की झालं गोदाम.

शेठजींचं पूजेच्या सामानाचं आणि खेळण्यांचंही दुकान होतं. परत आलेले बैल पाहायला ते मुद्दाम आले. एक बैल उचलून त्यांनी उजेडात धरला.

"आंधळा बैल घेते तरी कोन, सांग बरं? प्लास्टिकचे डोळे चिपकव. चाकं काढ. दिवानखान्यात ठेवाची वस्तू म्हनून मी विकून देतो."

"शेठजी बराबर बोलून राहिले," कैलाश म्हणाला. "डोळे चिपकवाले काय लागते?"

रुपा खोकी आत नेऊ लागली. त्या घरात सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं असलं की मनिषमार्फत सांगायचं. आणि मनिष असा की निरोप पोचेपर्यंत त्याची धार निघून जायची.

खरं सांगायचं तर तेव्हा रुपाही डगमगली होती. दुपारी सगळे शेतावर गेल्यावर तिने एक बैल मांडीवर घेतला, काळ्या रंगाची बाटली उघडली आणि ब्रशने दोन डोळे काढले. छान निघाले. दुसरा बैल उचलणार तोच टिकाराम मागे येऊन उभे राहिले. तिला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण म्हाताऱ्याने तो बैल हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि दाराजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

"हा आता जात नाही कुठं. यानं तुले पाह्यलं."

एवढंच बोलून ते पाय धुवायला गेले. रुपाला रडू आलं, आणि रडू येतं म्हणून स्वतःचाच राग आला. परत आलेल्या खोक्यांची तिला लाज वाटली होती, पण आपण आत्ता काय करायला निघालो होतो याची त्याहून जास्त वाटली. तिने बाटलीचं झाकण लावलं.

त्या बड्या ॲपवरून तिने सगळे फोटो काढून टाकले. उन्हाळा लागला तसं इंटरनेटवर आपलं स्वतःचं पान उघडलं आणि त्यावर, अगदी वर, मोठ्या अक्षरात लिहिलं:

'या बैलाला डोळे नाहीत. आम्ही विसरलो नाही. पोळ्याच्या सकाळी घरच्या दिव्यावर काजळी धरा आणि घरच्या लेकराच्या बोटाने डोळे काढा. वाकडे आले तर वाकडेच राहू द्या. ज्यांना तयार डोळ्यांचा बैल हवा त्यांनी दुसरीकडे पाहावं. वापसी बंद आहे. तान्ह्या पोळ्याला बैल पहिल्यांदा बनवणाऱ्याच्या दारी आणायचा असतो. दूर असाल तर या नंबरवर व्हिडिओ कॉल लावा. आम्ही दारातच बसलेलो असू.'

मनिषने वाचलं आणि डोकं धरलं. "गिऱ्हाइकाले असं बोलते का कोनी? आपल्याले विकाचं आहे का भांडाचं आहे?"

"ज्याले बैल पाहिजे तो पुरा वाचन," रुपा म्हणाली. "ज्याले खेळनं पाहिजे तो पुढे जाईन. जाऊ दे त्याले. मागच्या साली त्याच्याच मागे धावलो ना आपन?"

पुढे जाणारे पुष्कळ निघाले. एकाने जाता जाता लिहिलं, 'दुकान एवढंसं आणि माज केवढा!' ते वाचून रुपाचा दिवस खराब गेला. कितीतरी दिवस फोन मुकाच राहायचा. ललिताबाई ओट्यावरून विचारायची, "कंपनी चालू आहे का बंद?" रुपा सांगायची, "चालू आहे जी, तुम्हाले नोकरी पाहिजे का?"

मग हळूहळू माणसं येऊ लागली. थोडीच, पण प्रश्न विचारणारी. काजळी तुपाच्या दिव्याची की तेलाच्या? लेकरू डावखुरं असलं तर? हैदराबादेतून एका आजोबांनी विचारलं, घरात आम्ही दोघंच म्हातारे, लेकरू नाही, मग आम्हाला बैल मिळेल का? रुपाने टिकारामांना विचारलं. ते कानस घासता घासता म्हणाले, "लिहून दे, दोघांत जो लहान तो लेकरू." आजीने आपण लहान असल्याचं कळवलं आणि बैल मागवला.

धानाची रोवणी उरकली, पोळा जवळ आला, आणि एक दिवस कैलाश शेठजींना घेऊनच घरी आला. सगळे बैल शेठजी एकदम उचलणार होते. रंग, डोळे, चाकं, त्यांचं ते पाहणार. आणि सपरी पोळ्यानंतर रिकामी होणार. कैलाशने शब्द देऊनही टाकला होता.

"मनिष, सांग तुह्या बायकोले, माल भरून ठेव म्हना."

मनिषने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी रुपा पुढे आली. तिने पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही.

"भाऊजी, बैल शेठजीले देनार नाही मी."

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. कैलाश भिंतीकडे पाहू लागला, जणू भिंतच बोलली होती. शेवटी तो म्हणाला, "आनि वापसी बंद लिहूनही याही साली वापस आले तर?"

"डोळे नाहीत म्हनून एक जरी बैल वापस आला, तर सपरी तुमची. मामाजीची पटाशी मी सोता माळ्यावर ठेवीन."

कानशीचा आवाज थांबला. तेव्हा रुपाच्या ध्यानात आलं की आपण पणाला लावलं ते आपलं नव्हतंच. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. टिकारामांनी लाकडाचा भुसा फुंकरीने उडवला आणि पुन्हा घासायला सुरुवात केली.

शेवटच्या काही मागण्यांत एक पुण्याची होती. नाव वाचून रुपा चमकली. रुचिका. भैय्यालाल शेठजींची मुलगी, पवनीच्या शाळेत रुपाच्या पुढे होती.

"नोको पाठवू," मनिष म्हणाला. "बापानं सांगून मागवला असन. वापस कराले."

"पान सगळ्याईसाठी लिहिलं ना मी? मंग शेठजीच्या पोरीले नाही कसं म्हनू?"

तिने तो बैल इतरांसारखाच धानाच्या तणसात गुंडाळला, खोकं बंद केलं आणि गाडीत चढवलं. पण सारखा तोच आठवायचा. भाकरी थापताना आठवायचा, शेतावर जाताना आठवायचा. त्या एका खोक्यावर म्हाताऱ्याचे उरलेले दिवस बांधलेले होते, आणि ती गाठ तिने स्वतः मारली होती.

तान्ह्या पोळ्याला टिकारामांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि सपरीत बसले. गावातली लेकरं बैल ओढत आली. म्हातारा एकेका बैलाचे डोळे निरखायचा, "वा रे पठ्ठ्या" म्हणायचा आणि बोजारा द्यायचा. कैलाश खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसला होता. भैय्यालाल शेठही आले, खिशात मोजायचा टेप घेऊन. त्यांनी सपरीला बसवायच्या दाराची रुंदी मोजायला घेतली.

इतक्यात पार्सलवाल्याची गाडी वळली आणि समोर थांबली. त्याने एक खोकं उतरवलं. कैलाश उठून उभा राहिला.

"ललिताबाई!" पार्सलवाला ओरडला. "मिक्सरचं भांडं आलं जी तुमचं!"

रुपा इतक्या जोरात हसली की ललिताबाईला राग आला.

मग फोन वाजायला लागला. हैदराबादच्या आजीने बैलाला पापण्यासुद्धा काढल्या होत्या. भंडाऱ्याहून एकीने एक डोळा कपाळावर चढवला होता. नागपूरच्या एका पोराच्या बैलाला तर तीन डोळे होते, कारण घरात भावंडं तीन आणि कोणीच ऐकेना. टिकाराम फोन दूर धरून प्रत्येकाला "वा रे पठ्ठ्या" म्हणत होते.

पुन्हा वाजला. पुणे. रुपानेच तो उचलला. पडद्यावर एक मुलगी होती, नाकाला काजळी लागलेली. तिच्या हातातल्या बैलाचा एक डोळा पुरीएवढा आणि दुसरा वाटाण्याएवढा होता.

"मी खुशबू. बैल दाखवायला आले," ती म्हणाली, आणि मग रुपाच्या मागे पाहून किंचाळली, "आई, आजोबा तिथे आहेत!"

शेठजींच्या हातातला टेप सटकन आत गेला.

"अगं खुशबू... मी पाठवला होता ना तुले बैल? चमकनाऱ्या डोळ्यांचा?"

"त्याला आधीच डोळे होते, आजोबा. मला काढायला काही उरलंच नव्हतं. म्हणून आईने हा मागवला. बोजारा द्या ना!"

रुपाने फोन सरळ शेठजींच्या तोंडासमोर धरला. इतक्या दिवसांचा राग आज तिला गिळायचा नव्हता.

"द्या शेठजी. आंधळा बैल घेते कोन, विचारत होते ना तुम्ही? पाहून घ्या."

शेठजींनी टेप बाजूला ठेवून खिसा चाचपला आणि एक नोट काढून फोनला दाखवली.

"फोनले काय दाखवता?" टिकाराम म्हणाले. "तिथं ठेवा. त्या बैलासमोर." त्यांनी कोनाड्यातल्या बैलाकडे बोट केलं, ज्याचे डोळे रुपाने काढले होते. शेठजींनी नोट ठेवली आणि चहाला न थांबता निघून गेले. त्यानंतर कुठलाच बैल परत आला नाही, आणि सपरीला दारही बसलं नाही.

काही दिवसांनी कैलाश सपरीच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. मनिष घरात नव्हता. कैलाश घसा खाकरून पहिल्यांदाच थेट रुपाशी बोलला.

"शेठजीचा फोन होता. त्याइचा टेप राहिला म्हने इथं."

टिकाराम त्याच टेपने शिवणीचं नवं लाकूड मोजत बसले होते. रुपाने वर पाहिलं.

"सांगा त्याइले, भाऊजी," ती म्हणाली. "आमच्याकडे वापसी बंद आहे."