गाडीला सांगा

गाडी पुन्हा मागे सरकली. या खेपेला चांगली दोन हात. मागच्या सीटवर नवऱ्याच्या मांडीवर ठेवलेला डबा उडाला आणि ठणठणत दाराच्या पायरीशी जाऊन पडला. तिने करकचून ब्रेक दाबला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते गप्प झालं.

शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी घसा खाकरला.

"सूनबाई, म्हणजे कसं, क्लच जरा सावकाश सोडला गेला असता, आणि साधारण त्याच सुमारास हँडब्रेक जर उतरवता आला असता, तर मला वाटतं गाडी कदाचित सरकली नसती. अर्थात घाई काही नाही."

घाई होती. अकराला परीक्षा, आणि आता साडेनऊ झाले होते. याआधी दोनदा ती इथेच नापास झाली होती: चढावर गाडी थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा काढायची. बाकी सगळं तिला यायचं. शाळेने बस चालवायची जागा तिच्यासाठी शुक्रवारपर्यंत धरून ठेवली होती आणि आज शुक्रवार उजाडला होता. सोमवारपासून एकवीस पोरं तिच्या पाठीशी बसून कलकलाट करणार, हे चित्र तिने इतक्यांदा पाहिलं होतं, की त्यातल्या दोघातिघांना ती मनातल्या मनात दटावूनही मोकळी झाली होती.

सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत. याच मिनीबसवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा गाडीच्या भोंग्याच्याही वर ऐकू जायचा. "टोणग्या, ब्रेक आहे तो, गादी नव्हे, पाय काढ!" शिकून गेलेले लोक या शिव्या बक्षिसासारख्या मिरवत. त्या मिरवल्या नाहीत फक्त त्यांच्या स्वतःच्या मुलाने. एकोणीस वर्षांचा असताना, भर चौकात, इंजिन चालू ठेवून तो दार उघडून उतरला होता आणि चालत घरी आला होता. त्याला आता वीस वर्षं झाली. चष्म्याच्या दुकानात तो सायकलने जायचा, सायकलने यायचा. घरात त्या दिवसाचा विषय कोणी काढत नसे. दुधाने तोंड पोळलं होतं, तेव्हा सुनेच्या वेळी उस्ताद ताकही फुंकून पीत होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं वाक्य संपेपर्यंत मी उताराच्या तळाशी पोचते. मला सरळ टोणग्या म्हणा. सोड म्हणा, ओढ म्हणा."

उस्तादांची नजर आरशाकडे गेली. आरशात मुलाचं अर्धं कपाळ दिसत होतं.

"ते नाही जमायचं."

"का?"

"नाही जमायचं म्हटलं ना."

मागे नवरा डब्याचं झाकण लावत होता. ते मघाच लागलं होतं.

"बरं, मग एकदा तुम्ही काढून दाखवा."

जागा बदलल्या. तीन महिने तिने त्यांचे हातपाय डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. आज दमून तिने डोळे मिटले, आणि म्हणूनच तिला ते ऐकू आलं. उस्ताद पुटपुटत होते.

"चल गं बाई. कण्हू नको. ये, ये, अजून थोडी... हां, आवाज जड झाला तुझा. थांब तिथेच. आता ब्रेक काढला बघ. नीघ."

बस शेळीसारखी टुणकन चढली.

तिने डोळे उघडले. "हे कुणाशी बोललात?"

"मी? कुठे काय?"

"गाडीशी," मागून नवरा म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य. "तिच्याशी कायम असंच. तिला कधी म्हैस म्हणाले नाहीत."

ती उस्तादांकडे वळली.

"बाबा, मला काही सांगूच नका. तिला सांगा. मी नुसतं ऐकते."

"लेकी बोले सुने लागे?" उस्तादांना हसू आलं.

"तेच. सासवांनी उगाच वाया घालवली ती म्हण."

ती पुन्हा चालकाच्या जागी बसली. उस्ताद आधी लाजले, मग समोरच्या काचेकडे बघत गाडीशी बोलू लागले. ये. अजून थोडी. जड झाला बघ आवाज. आणि खरंच झाला, तो तिला तळव्यात कळला, पायातून वर गुडघ्यापर्यंत. तिने ब्रेक उतरवला. बस जागची ढळली नाही, मग पुढे निघाली. एकदा, दोनदा, सहा वेळा. सातव्यांदा उस्ताद बोलायचंच विसरले आणि तरी ती चढली.

परीक्षेला उस्ताद आणि नवरा कुंपणाबाहेर उभे राहिले. परीक्षकाने चढावर तिला थांबवलं आणि तिचे ओठ हलू लागले.

"कुणाशी बोलताय?"

"गाडीशी."

"ऐकते?"

"आज ऐकतेय."

त्याने खिडकीतून वाकून मागच्या चाकापाशी बारीक नजर ठेवली. बस बोटभरही मागे आली नाही.

शिक्का मारलेला कागद फडकवत ती जवळजवळ पळतच बाहेर आली. उस्तादांनी कागद वाचला, घडी केली, परत दिला. मग ते बसपाशी गेले आणि रुमालाने बॉनेट पुसू लागले.

"बघितलंस ना, कशी चालवली तिने तुला?" ते बसला म्हणाले. पुसत राहिले. पुसण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. "ही अक्कल मला वीस वर्षांपूर्वी हवी होती गं. भर चौकात त्या पोराला मी नाही नाही ते बोललो. चुकलं माझं."

मुलगा त्यांच्या पाठीमागे तीन पावलांवर होता. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने डबा तिच्या हातात आला. नवरा वळसा घालून बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याने पत्र्यावर तळवा ठेवला.

"विचार त्यांना," तो बसला म्हणाला, "मागच्या मोकळ्या मैदानात एक फेरी मारू देतील का."

किल्ली अजून तिच्याच मुठीत होती. तिने ती दोघांच्या मधोमध बॉनेटवर ठेवली आणि डबा घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली.

पुढचं दार लागलं. मग दुसरं.

"सावकाश गं," उस्ताद गाडीला म्हणाले.