मिठाच्या झिलईची बरणी

भाऊ दातारांच्या डोंबिवलीच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी बरणी यायची. भाऊ ती झाकणासकट दोन्ही हातांनी उंच धरून बुडाचा इंग्लंडच्या कारखान्याचा शिक्का दाखवायचे आणि मग पाहुण्याची सुटका नसे. इंग्रज कुंभार तापलेल्या भट्टीत मीठ कसं फेकायचे, त्या मिठाच्या वाफेने भांड्यावर काचेसारखी झिलई कशी चढायची, हे सगळं ऐकावंच लागायचं. ठाण्यातला एक जुना बंगला पाडायला काढला, तेव्हा तिथून भाऊंनी बागेतला एक शेवाळलेला दगडी कलश आणि या तपकिरी बरण्यांची जोडी आणली होती. कलश बाल्कनीत गेला, त्यात तुळस लागली. कारण भाऊंचं एक तत्त्व होतं: जुनी वस्तू कपाटात मांडून ठेवणारा माणूस अरसिक, वस्तू वापरात हवी.

"वासंती, लिंबाचं लोणचं यातच घाल. बिनधास्त," त्यांनी बायकोला बजावलं होतं. दुसरी बरणी त्यांनी कल्याणच्या राघोला, कंपनीतल्या जुन्या सोबत्याला, नातीच्या बारशाला दिली. वर तोच उपदेशही दिला.

त्या दिवशी वासंतीबाई लेकीकडे कळव्याला गेल्या होत्या. देवयानीला सातवा महिना लागला होता आणि आईच्या हातच्या लोणच्याशिवाय तिला घास उतरत नव्हता. तीन महिने डबे जात होते. बरणी ओट्यावर पालथी दिसली तेव्हा भाऊंना वाटलं, संपलं लोणचं, शेवटचं घेऊन गेली. चला, आतला एक फोटो काढून संग्राहकांच्या ग्रुपवर टाकू.

त्यांनी बरणी उजेडात धरली आणि आत हात घातला. वरचा भाग गुळगुळीत लागला. अर्ध्याच्या खाली बोटांना खरखर लागली. तिथली चकाकी पार गेली होती. आंबट जिथवर भरलेलं होतं तिथवर झिलई खाल्ली गेली होती आणि त्याची सरळ रेघ उमटली होती.

मिठाची झिलई आंबटाला दाद देत नाही. हे त्यांनीच शंभर पाहुण्यांना सांगितलं होतं. मिठाच्या झिलईचं भांडं बाहेरून संत्र्याच्या सालीसारखं बारीक खडबडीत असतं, हेही. ही बरणी तर आरशासारखी होती. शिक्का बघून माणूस इतका हरखला, की हातातलं भांडं बघायचंच राहून गेलं. त्यांनी टिचकी मारली. दगडासारखं पक्कं भाजलेलं भांडं खणकन वाजतं. ही बद्द वाजली.

म्हणजे साधी भाजकी माती. आणि वर शिशाची झिलई.

भाऊ मटकन स्टुलावर बसले. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेला माणूस तो. कामगारांच्या रक्तातलं शिसं दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचे. ते आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, हा फलक त्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहून लावला होता. आणि लिंबाच्या रसात ते आपण लेकीला तीन महिने पाठवलं.

वासंतीबाईंचा फोन वाजून वाजून बंद झाला. देवयानीने तर उचललाच नाही. भाऊ घरातल्याच चपलांनी खाली उतरले आणि थेट कळव्याची रिक्षा केली. मुंब्रा बायपासला ट्रकांच्या मागे रिक्षा अडकली, तेव्हा त्यांना रडू यायला लागलं. देवाला काय सांगायचं हेही सुचेना. पोर वाचव म्हणायचं, की मला शिक्षा कर म्हणायचं?

दार जावयाने, अपूर्वने, उघडलं. भाऊ त्याला बाजूला सारून आत गेले. देवयानी जेवायला बसली होती आणि लोणच्याची फोड तिच्या हातात होती. त्यांनी तिच्या पुढचं ताटच ओढलं.

"बाबा, काय झालं?"

"खाऊ नकोस. त्या बरणीत शिसं आहे. अपूर्व, हिचं रक्त तपासायला हवं, आत्ताच. माझी चूक आहे, सगळी माझी."

वासंतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"अहो, आधी पाणी प्या. हे लोणचं तुमच्या बरणीतलं नाहीये."

"म्हणजे?"

"माठ घेताना वाजवून बघतो, तशी मी ती पहिल्याच दिवशी वाजवून बघितली. बद्द वाजली. म्हटलं, कच्ची दिसते, खार झिरपायचा. लोणचं मी माझ्या आईच्या बरणीत घातलं. तुमच्या बरणीत भांडी घासायची चिंच भिजत असायची. काल धुऊन ठेवली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"चार माणसांत इतकं कौतुक सांगत होतात. कसं सांगणार?"

भाऊ घटाघटा पाणी प्यायले. देवयानीने त्यांचा हात हातात घेतला. अपूर्व हसला, मग सगळेच हसले. शिक्क्याच्या नादी लागलेल्या नवऱ्याची बायकोने दोन मिनिटं यथेच्छ फिरकी घेतली आणि भाऊंनी ती आनंदाने घेऊ दिली.

"बरं झालं बाई," वासंतीबाई म्हणाल्या, "एकच बरणी होती घरात."

भाऊंचं हसू जागीच विरलं. त्यांनी खिशातून फोन काढला. राघोचा नंबर लावताना बोट दोनदा चुकलं.

फोन राघोच्या नातीने, चार वर्षांच्या रसिकाने, उचलला आणि भाऊंचा आवाज लगेच ओळखला.

"आजोबा अंघोळीला गेलेत. मी जेवते आहे."

"काय जेवतेस, बाळा?"

"वरणभात. आणि खार. तुमच्या बरणीतला. आजोबा मला रोज वाटीत देतात."

"रसिका, ऐक. ती वाटी खाली ठेव आणि आजोबांना हाक मार."

"थांबा," ती म्हणाली. "थोडासाच उरलाय. चाटून घेते, मग बोलावते."