कमानीवरचं सोनं

कच्.

दुपारी सगळी इमारत झोपलेली असताना गॅलरीतून आवाज आला. मग थोडं थांबून पुन्हा, कच्.

वेदिकाला मी पाठ थोपटून झोपवलं होतं, पण ती माझ्याआधीच उठली होती. पडद्याच्या फटीतून बघितलं तर बोथट कात्री घेऊन फरशीवर बसलेली, मांडीत पिवळ्या धाग्यांचा गुंता. लोकर असेल, म्हटलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून ती कापत होती. तिचं असं मन लावून बसणं मला इतकं आवडतं की मी हाक मारली नाही. शिवाय मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर बघायचं होतं. समोर दीपमालावहिनींची बोगनवेलीची कमान मरत होती, आणि ते बघितल्याशिवाय हल्ली मला दुपारचा चहा गोड लागत नव्हता.

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्याला दोनच घरं. एक आमचं, एक त्यांचं, मधे गाड्या लावायची जागा. वहिनी सोसायटीच्या सेक्रेटरी. आमच्या गॅलरीखाली हातभर रुंदीची मातीची पट्टी आहे. माझं माहेर मखमलाबादचं, फुलं पिकवणारं. मोकळी माती दिसली की माझे हात शिवशिवतात. त्या पट्टीत मी माझ्या मनासारखं मांडलं होतं. दांडा तुटलेल्या कुकरमध्ये नेचे. कान उडालेल्या कपांची रांग, त्यात ऑफिस टाइमची गुलाबी-केशरी फुलं. मधोमध वेदिकाचे पहिले गमबूट, लाल, एकाच्या टाचेला चीर गेलेली, त्यात पुदिना. आणि या सगळ्यावर आईने दिलेल्या फांदीपासून वाढवलेली जाई, ग्रिलवर चढवलेली. उन्हं कलली की कपांच्या सावल्या भिंतीवर चिमण्यांसारख्या बसायच्या. वेदिका त्यांना नावं द्यायची. एकीचं नाव तिने ‘किशोर’ ठेवलं होतं, बाबांचं, कारण ती सावली सगळ्यात आधी निघून जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी गेले आणि परत आले तर पट्टी झाडून लख्ख. जाई तेवढी राहिली होती, ग्रिलला घट्ट धरून होती म्हणून.

“अगं प्रतिभा, घंटागाडीत दिलं सगळं,” वहिनी म्हणाल्या. “येणाऱ्याजाणाऱ्याला किती भंगार दिसायचं ते. तुला फोन करणारच होते.”

“वहिनी, त्यात तिचे बूट होते.”

“फाटके होते गं. नवे घे तिला.”

नवे त्यांनीच घेतले. लाल गमबुटांची जोडी, कोरी, अजून दुकानाचा वास असलेली. त्यांच्या कमानीखाली ती मांडली गेली, तिच्याशेजारी रंगवलेली किटली, मग कपांची रांग. मुद्दाम कान तोडलेले कप, मी जवळ जाऊन बघितले. महिला मंडळाच्या ‘टाकाऊतून बाग’ स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, त्याखाली कौतुकाचा पूर, आणि त्याखाली त्यांचं उत्तर: सुचलं आपलं सहज.

मीही अंगठा दाबला.

“जाऊ दे ना,” किशोर म्हणाला, अंबडला कंपनीत निघताना. “कपबश्याच होत्या.”

त्या दिवशीच्या त्याच्या भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम नाही, विसरले.

पण पुढचं मुद्दाम केलं. एकदा तो डबा विसरला म्हणून मी स्कूटरवरून अंबडला गेले. तिथल्या एका कुंपणावर अमरवेल पसरली होती. पान नाही, जमिनीत मूळ नाही, नुसते सोनेरी धागे, दुसऱ्याच्या रसावर जगणारे. माहेरी गुरांसाठी लावलेल्या लसूणघासात एवढीशी दिसली तरी आई तो अख्खा तुकडा कापून जाळायची. एक धागा मागे राहिला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणायची. मी मूठभर धागे तोडून पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी वेदिकाला कडेवर घेऊन गेले आणि आजूबाजूला कुणी नाही बघून ते कमानीवर टाकले. अलगद, हार घालतात तसे.

“सोन्याचे आहेत?” तिने विचारलं.

“हो राणी. सोन्याचे.”

खरं सांगायचं तर दिसतही होतं सुंदर. गडद राणी रंगाच्या फुलांवर ती पिवळी जर. भिंतीवरच्या चिमण्यांनंतर इतकी जीव लावून मी काही मांडलं नव्हतं.

मला वाटलं, दोन दिवसांत काढून टाकतील. त्यांनी फोटो काढला. “आपोआप आलीय बघा, गोल्डन क्रीपर.” रोज संध्याकाळी नळी घेऊन तिला पाणी मारू लागल्या. माळी एकदा हात लावायला गेला तर त्याच्यावर ओरडल्या.

“छान दिसतंय, वहिनी,” मी गॅलरीतून म्हटलं.

“तुला देऊ का थोडी?”

“नको हो. आमच्याकडे जागा कुठाय.”

श्रावण संपेपर्यंत कमान पिवळी पडली. फुलं गळाली, पानं कागदासारखी झाली. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची आणि मनात म्हणायची, हा कुकर. हे नेचे. हे बूट.

परवा वहिनी स्वतः दारात आल्या. “तू शेतातली ना गं, जरा बघ ना काय झालंय. सासूबाईंनी लावलेली आहे ती. त्यांच्यामागे तेवढीच राहिलीय.” आवाज बारीक झाला होता. असा आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं.

“खत कमी पडलं असेल,” मी म्हटलं.

आज चहा संपवून गॅलरीत आले. वेदिकाने मान वर केली, चेहरा उजळलेला. “आई, बघ. सरप्राइज.”

ती लोकर नव्हती. हाताला ओली लागली. जाईला खालपासून ग्रिलपर्यंत तिने तुकडे गुंडाळले होते, काही आजचे, काही जुने. जुन्यांनी बारीक दात रोवून जाईची साल धरली होती आणि पुढे कोवळे शेंडे काढले होते.

“कुठून आणलंस हे?”

“काकू देतात. रोज मागते.” मग माझ्याकडे बघून हळूच, “तू त्यांच्या झाडाला घातलंस ना, म्हटलं आपल्याला पण.”

मी तिला जवळ घेतलं. केसांना घामाचा आणि जॉन्सन पावडरचा वास येत होता. मग तिच्या हातातली कात्री बाजूला ठेवून माझी मोठी आणली आणि जाई कापायला घेतली. कळ्यांसकट. वरून खाली, जिथे जिथे पिवळं दिसलं तिथे तिथे, शेवटी वीतभर खोड उरेपर्यंत. कापलेलं सगळं जुन्या पातेल्यात भरून पेटवलं. वेदिका भिंतीला टेकून बघत होती.

“ते सोनं नव्हतं?”

“नाही. ती वाईट वेल असते. झाडाचा जीव खाते.”

“आपली जाई मेली?”

“नाही राणी. वेळेवर कापलं की वाचतं झाड. पुन्हा फुटेल.”

तिने डोळे पुसले. समोर नळीचं पाणी सुरू झालं होतं. वहिनी कमानीला पाणी मारत होत्या. वेदिकाने आपली बोथट कात्री उचलली, उलटसुलट चपला घातल्या, आणि दारात जाऊन माझ्यासाठी थांबली.

“चल ना आई. आता काकूंचं कापायला जायचं ना?”