दार क्रमांक तीन

“बाबा, पुढे चालवायला कुणीच नाही!” काचेला नाक लावून लेक म्हणाली. सात वर्षांची असताना पहिल्यांदा म्हणाली होती; आज सव्विसाव्या वर्षी मुद्दाम म्हणाली.

“कशाला हवंय कोणी? गाडीला वाट पाठ आहे,” बाबांनीही ठरलेलं उत्तर दिलं.

विमानतळाच्या दोन इमारतींमध्ये ही बिनचालकाची गाडी दिवसभर ये-जा करते. तिची दारं बाबा सांभाळतात म्हणून सगळे त्यांना दारवाले काका म्हणतात. रोज सकाळी ते प्रत्येक दारात लाकडी ठोकळा धरतात. दार ठोकळ्याला लागून परत उघडतं, असं दोनदा. तिसऱ्यांदा अडलं की गाडी जागीच ठप्प. दारात हात घालणाऱ्या प्रवाशांना काकांनी एकोणीस वर्षं धारेवर धरलं होतं.

बाहेर धुकं विरत होतं. विमानांच्या नुसत्या शेपट्या दिसत होत्या आणि गाडी जमिनीला न टेकता चालल्यासारखी वाटत होती. ही वाट संपूच नये, असं काकांना वाटलं. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. आता लेक पाच वर्षांसाठी परदेशी निघाली होती. तिने जाऊ नये, हे महिनाभर त्यांच्या ओठांवर येऊन परत जात होतं.

“जेवणाची आबाळ करू नकोस.”

“चौथ्यांदा सांगताय, बाबा.”

गाडी थांबली. लेक उतरली. काकांना याच गाडीने कामावर परतायचं होतं. दार मिटू लागलं आणि त्यांचा हात आपसूक मध्ये गेला. दार उघडलं.

“बाबा, हात!” ती हसली.

दार पुन्हा मिटू लागलं, हात पुन्हा मध्ये. या वेळी ती हसली नाही. तिने बॅग खाली ठेवली.

“राहू का मी?”

मागे कुणीतरी घड्याळ पाहून चुकचुकलं. काकांनी हात काढून खिशात घातला.

“वेडी का खुळी? विमान चुकेल. पळ.”

दार मिटलं. काचेपलीकडे ती हात हलवत लहान होत गेली.

“काका, दार तीनला काय झालं?” कंट्रोल रूमने वॉकीटॉकीवर विचारलं.

“मोकळं आहे आता.”

कामावर पोचल्यावर त्यांनी नोंदवही उघडली. आजवर कारणांच्या रकान्यात छत्र्या, बॅगांचे पट्टे, एकदा तर अख्खा फुलांचा गुच्छ लिहिला होता. त्याखाली त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘दार तीन. दोनदा अडथळा. कारण: माझा हात.’