विमानावर तलावाचं पाणी

खोटं कायले बोलू, मी जळत होतो. चंदन माहा सख्खा भाऊ, माह्याहून बारा वर्षांनी लहान, अन् मी त्याच्यावर जळत होतो. त्याच्या पेन्शनीवर नाही, त्याच्या मोटारसायकलवर नाही, प्लास्टिकच्या एका विमानावर. बावन वर्षांचा माणूस, डोक्यावरचे अर्धे केस पांढरे झालेले, अन् जळते कशावर तर दीड वीतभर खेळण्यावर. तोंडातून खेळणं म्हणाची सोय नोहती मात्र. बाबा लगेच टोकत, का खेळणं नको म्हणू, विमान म्हण.

चंदन वीस वर्षं हवाई दलात होता. उडवणारा नाही, खाली राहून इंजिन दुरुस्त करणारा. गेल्या वर्षी रिटायर होऊन तो आमच्या गावी, करडीले परत आला, अन् ज्या मिग विमानाईच्या इंजिनात त्यानं जवानी घालवली ते विमानंही त्याच सालात सेवेतून गेले. त्याच्या मनाले लागलं असन. महिनाभर तो कोणाशी धड बोललाच नाही. मंग एक दिवस त्यानं बाहेरून डबा मागवला. डब्यात प्लास्टिकच्या चौकटी अन् त्याईले लटकलेले शंभराच्या वर पुर्जे, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. म्हणाला, माह्या हातात जे विमान सगळ्यात जास्त दिवस होतं तेच बनवतो, त्याच्या शेपटीवरच्या नंबरासकट.

ओसरीवर त्यानं टेबल मांडला, वर दिवा टांगला अन् बसला. एक पुर्जा कापाचा, त्याची कोर बारीक कागदानं घासाची, पाण्यासारखं पातळ सोल्यूशन ब्रशनं लावाचं, दोन तुकडे जोडाचे अन् बोटात धरून चूप बसाचं. जोडाची रेघ दिसली का तिच्यात पुट्टी भराची, वाळली का पुन्हा घासाची. वैमानिकाच्या समोरचे घड्याळं त्यानं टाचणीच्या टोकानं रंगवले. हात साफ होता त्याचा, हे मलेही दिसत होतं. एकदा तो म्हणाला, दादा, तूही करून पाहा, तुहे बोटं पक्के आहेत. मी म्हणलो, मले कामं आहेत.

अन् बाबा? बाबानं टेबलाच्या बाजूले स्टूल टाकला, तो दोन महिने हलवलाच नाही.

आमचे बाबा म्हणजे गोमाजी. आंधळगावपावेतो कोणालेही विचारा, जाळं विणावं तर गोमाजीनं, होडी-डोंगा बांधावा तर गोमाजीनं. आता शहात्तरचे झाले, एका डोळ्यानं कमी दिसते, पण वाणी तशीच आहे. तीस वर्षं मी त्याईच्या हाताखाली जाळे विणले, डोंग्याले डांबर फासलं, थंडीत पहाटे मासेमार संस्थेच्या तलावात उतरलो. मले काय भेटलं? गाठ ढिली आहे. कड वाकडी गेली. एवढी घाई काहून करतं? अन् चंदननं हरभऱ्याएवढं एक चाक चिकटवलं का बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, वा रे पठ्ठे. एका चाकासाठी. मी ऐकत राहो अन् आतल्या आत चडफडत राहो.

माही बायको सखाबाई मोठी बारीक नजरेची. चहाचा कप देता देता म्हणाली, का तुमचं तोंड एरंडेल पिल्यासारखं काहून झालं. मी म्हणलो, ऊन लागलं. ती म्हणाली, ओसरीवर कोणतं ऊन? अन् हासत चुलीकडं गेली. तिले सगळं समजत होतं.

मंग मी एक दिवस मुद्दाम नवं जाळं घेऊन त्याईच्या समोरच बसलो. म्हणलं, पाहू दे जरा. अशी बारीक अन् सारखी गाठ मी जिंदगीत मारली नसन. तासभर झाला, दोन तास झाले. शेवटी बाबानं मान वर केली. मी हात थांबवला. बाबा म्हणाले, केवळराम, थोडा सरक, चंदनच्या उजेडात येऊन राहिला. सरकलो. दुसरं काय करतो?

विमान तयार होत आलं. पोटाले करडा रंग, नाकाले काळा. मंग आले स्टिकर. ते आपल्या गाडीवरच्या स्टिकरासारखे नसतात. कागदावरून कापाचे, बशीतल्या पाण्यात टाकाचे, अर्ध्या मिनिटानं त्याची पातळ साल सुटते, ती ब्रशनं हळूच सरकवून विमानावर बसवाची. पंखावर तिरंगी गोल, शेपटीवर तिरंगी पट्टा अन् नंबर. एका संध्याकाळी चंदननं सगळे बसवले. बाबा श्वास रोखून पाहत होते. शेवटचा नंबर बसला तवा बाबाचे डोळे भरून आले. माह्या लग्नात भरले नोहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तलावाकडं गेले होते. चंदन गाडीले किक मारता मारता मले म्हणाला, “दादा, वरून वार्निश मारल्याबिगर ते स्टिकर कच्चे आहेत. फवाऱ्याचा डबा संपला, मी भंडाऱ्याहून आणतो. बाबा पूजा करतो म्हणतील. त्याईले सांग, मी येईपावेतो पाण्याचा थेंब नको.”

मी मान हलवली.

पूजेचं म्हणाल तर आमच्या घरची रीत आहे. ढिवराचं घर, पाण्यावर पोट. नवा डोंगा तलावात टाकाच्या आधी घरातला मोठा माणूस त्याच्या नाकाले हळदीकुंकवाचे पाच बोटं लावते, तलावाचं लोटाभर पाणी वरून सोडते अन् समोरून मागं एकदा हात फिरवते. बाबानं ही रीत डोंग्यापुरती ठेवली नाही. सखाबाईची शिलाई मशीन, चंदनची मोटारसायकल, सगळ्यावर लोटा पडलेला आहे. तलावाले दाखवल्याबिगर चीज आपली होत नाही, असं ते म्हणतात.

नऊच्या सुमाराले बाबा आले. अंगावर धुतलेलं धोतर, एका हातात भरलेला लोटा, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचं तबक. टेबलाजवळ उभे राहिले. पोटच्या पोराकडं पाहावं तसं त्या विमानाकडं पाहिलं. मंग माह्याकडं वळले.

“केवळराम, झालं ना हे पूर्ण? काही राह्यलं तर नाही?”

सांगाले चार शब्द लागले असते. चार. बाबा, चंदनले येऊ द्या. तेही जिभेवर आले होते. पण त्या धुतलेल्या धोतराकडं माही नजर गेली. माहा डोंगा पाण्यात टाकला तवा बाबा मळक्या बंडीवरच आले होते. मी म्हणलो, “झालं.”

बाबानं विमानाच्या नाकाले पाच बोटं लावले. लोट्यातून बारीक धार सोडली. पाणी नाकावरून पंखावर आलं, पंखावरून टेबलावर. डोळा कमजोर, त्याईले काही दिसलं नाही. मले दिसत होतं. गोल आधी सुरकुतला, मंग जागेवरून सरकला. अन् बाबानं डोंग्यावर फिरवतात तसा आपला राठ तळवा समोरून मागं फिरवला.

हात उचलला तं तिरंगी गोल तळव्याले चिकटून आला होता. शेपटीवरचा नंबर गोळा होऊन एका कोपऱ्यात जमला होता.

खरं सांगतो, मले बरं वाटलं. एका दमाएवढा वेळ, पण वाटलं. मंग बाबानं तो गोल परत पंखावर बसवाले घेतला. ओल्या अंगठ्यानं दाबला, तो फाटला. दुसरा सरळ कराले गेले, तोही फाटला. त्या हातानं अंधारात जाळ्याचं भोक चाचपून शिवलेलं मी पाहिलं आहे, त्याच हाताले ती साल सरळ झाली नाही. सखाबाई धावत आली, पदरानं पाणी टिपाले लागली, बाबानं तिले थांबवलं. स्टुलावर बसले. अन् माह्याकडं पाहिलं.

चंदन अकराले आला. हेल्मेट काढता काढताच त्याले टेबल दिसला. जवळ गेला, वाकून पाहिलं, तबक पाहिलं, लोटा पाहिला. आवाज चढवला नाही. मले म्हणाला, “दादा, तुले सांगून गेलो होतो ना?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मलेच माहीत नाही. माह्या आधी बाबा बोलले.

“त्यानं सांगतलं होतं मले. माह्याच ध्यानात नाही राह्यलं.”

बाबा खोटं बोलले. जिंदगीत मासोळीच्या वजनात गुंजभर लबाडी न केलेला माणूस माह्यासाठी खोटं बोलला, अन् तेही माह्याकडं न पाहता. तीस वर्षं मले वाटत होतं का बाबानं एकदा माही बाजू घ्यावी. घेतली. अन् मले जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

चंदननं हेल्मेट खाली ठेवलं. मंग म्हणाला, हरकत नाही बाबा, स्टिकर दुसरे मागवतो, आठ दिवसांत येतील. प्रकरण मिटलं, असं मले वाटलं.

पण बाबा विसराले लागले, हे चंदनच्या डोक्यात शिरलं. आठवड्यात त्याचं वागणंच बदललं. बाबाले दोन-दोनदा विचारे, गोळी घेतली का. बाबा घेतली म्हणत, तरी पाकीट उघडून मोजे. सखाबाईले म्हणाला, वहिनी, बाबाले तलावावर एकटं पाठवू नका, रस्ता विसरतील. ज्या तलावाचा एक-एक दगड बाबाच्या पायाखालचा, त्या तलावाचा रस्ता. बाबा ऐकत राहत. एकदाही म्हणाले नाहीत का माहं डोकं ठीक आहे म्हणून.

नवे स्टिकर आले. बाबानं सवयीनं स्टूल ओढला. चंदन मोठ्या मायेनं म्हणाला, बाबा, यावेळी तुमी जरा दुरून पाहा, हात नका लावू. बाबा उठले. स्टूल घेऊन माह्याजवळ, जाळ्याजवळ येऊन बसले. मले जे पाहिजे होतं ते मले भेटलं होतं. बाबा माह्या बाजूले, खांद्याएवढ्या अंतरावर. पण पूर्ण वेळ त्याईची मान टेबलाकडं ताणलेली, ज्या डोळ्यानं चांगलं दिसते त्याचा कोपरा करून. मी दोनदा काहीतरी विचारलं, त्याईले ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात चंदनचा फोन वाजला. हवाई दलातला जुना दोस्त असन, हिंदीत बोलत होता. त्याले सांगत होता का बाबाची याददाश्त चालली आहे, नागपूरच्या कोण्या डॉक्टरले दाखवाचं आहे. हळू बोलत होता, पण आमची ओसरी केवढी? बाबानं ताणलेली मान खाली घातली अन् आपलेच तळवे पाहत बसले.

आता मात्र मले सहन झालं नाही. जाळं फेकून उठलो, टेबलाजवळ गेलो अन् म्हणलो, फोन ठेव. त्यानं ठेवला.

“बाबाची याददाश्त शाबूत आहे,” मी म्हणलो. “मी त्याईले सांगतलंच नोहतं. त्याईनं मले विचारलं, पूर्ण झालं का. मी म्हणलो, झालं.”

चंदन माह्या तोंडाकडं पाहत राहिला. “काहून, दादा?”

“जळत होतो तुह्यावर.”

आणखी सांगाचं होतं. ते धोतर, तो उजेड, ते चाक. पण एवढ्या मोठ्या वयात ते बोलवत नाही. चंदननं ब्रश खाली ठेवला, पुन्हा उचलला. बशीतलं पाणी नुसतंच ढवळलं. मंग माह्याकडं न पाहता बाबाले म्हणाला, “बाबा, या इकडं. नंबर सरळ बसते का पाहा.”

बाबा उठले. मले वाटलं, आता माह्या पाठीवर हात ठेवतील. पोरानं खरं सांगतलं म्हणून काहीतरी म्हणतील. स्टूल उचलून माह्याजवळून जाताना ते थांबले. डोळ्यात राग होता, तो मी ओळखतो.

“त्याले कायले सांगतलं? तू कसा हायेस ते मले एकट्याले माहीत होतं. तेवढं पुरे होतं.”

अन् टेबलाजवळ जाऊन बसले. चंदननं दिवा त्याईच्या बाजूले ओढला.

मी जाळं उचललं. हात चालत होते, पण कान टेबलाकडंच होते. बाबा त्याले काय म्हणतात, ते मले ऐकाचं होतं.