सत्तेचाळीस नंबरची खोट

दोघी बहिणी एकाच संशोधन संस्थेत होत्या. थोरली तिसऱ्या मजल्यावर नवी रसायनं बनवायची, धाकटी पहिल्या मजल्यावर ती पेशींवर तपासायची. काही आजारांत शरीराच्या रक्षक पेशी आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, त्यातून त्यांना हल्ल्याचा इशारा मिळतो. ते प्रथिन अडवणारं रसायन दोघींना हवं होतं.

थोरलीचं सत्तेचाळीस नंबरचं रसायन घातलं, की पेशी एकदम गप्प. विभागप्रमुख हरखून गेले. सोमवारी ते सगळ्यांपुढे मांडायचं ठरलं. धाकटीला मात्र ते पचेना. इतकं सरळ कधी काही होतं का? ते प्रथिन मुळातच काढून टाकलेल्या पेशी तिने घेतल्या, त्यांना दुसऱ्या वाटेने चेतवलं आणि त्यांच्यावर तेच रसायन घातलं. अडवायला प्रथिनच नाही, म्हणजे काही फरक पडायला नको होता. पण त्याही पेशी गप्प झाल्या.

आकड्यांचा कागद घेऊन ती जिना चढली.

“ताई, तुझं सत्तेचाळीस खोटं बोलतंय.”

थोरलीने हातातला चंबू खाली ठेवला. “आठ महिने घासलेत मी त्यावर. तुझ्याच पेशी मरतुकड्या असतील.”

“धडधाकट होत्या. तीनदा केलं. ते प्रथिनाला अडवतच नाही, आत घुसून सरसकट मोडतोड करतं. पेशंटला दिलं तर काय होईल, तूच सांग.”

“आणि हे तू सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार?”

“तू सांगायचंस. रसायन तुझं आहे. मी शेजारी उभी राहते.”

थोरलीने कागदावरच्या आकड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, “रिकाम्या हाताने आली नसशील तू.”

“एकतीस नंबर. दुबळं म्हणून आपण बाजूला टाकलं होतं ते. परिणाम थोडाच, पण प्रथिन असेल तरच होतो. नसेल, तर काहीच नाही.”

थोरलीने कागद ओढला, एकतिसाची आकृती काढली आणि एका टोकावर पेन्सिल टेकवली. “ही शेपटी आखूड पडतेय. वाढवते.”

सोमवारी तिनेच सगळं सांगितलं. विभागप्रमुखांचं तोंड उतरलं, पण आकडे त्यांना पटले. एकतिसावर काम करायला त्यांनी सहा महिने दिले.

पाचव्याच महिन्यात एकतिसात बदल करत बनवलेल्या अकराव्या भावंडाने पेशी शांत केल्या, आणि प्रथिन नसलेल्या पेशींना धक्काही लावला नाही. धाकटीने तीनदा तपासलं. चौथ्या वेळी थोरली स्वतः खाली आली.

“सरक,” ती हातमोजे चढवत म्हणाली, “आता मला करू दे.”