दोन बोटांची जागा

मी पँटोग्राफ बोलतोय. गाडीच्या टपावर बसून तारेतली वीज घेतो ना, तोच. आमची जात धिप्पाड, मी मात्र बुटका, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

जपानातल्या आमच्या काई खोऱ्यातले बोगदे कोळशाच्या इंजिनांच्या काळचे, फारच बसके. तार छताला चिकटवूनच न्यावी लागली. म्हणून इंजिनिअर मिनोबेसाननी माझ्याखालचं टप कापून खाली घेतलं, माझे हात आखूड केले. तरी बोगद्यात मला दबायला जेमतेम दोन बोटं जागा उरायची. वरिष्ठांनी बजावलं होतं, चाचणीत मी आपटलो तर वीज रद्द, धुराचीच गाडी चालू राहील.

चाचणीच्या सकाळी अख्खं गाव फलाटावर. रूळ सांभाळणारे होशिनासान कमरेत वाकून म्हणाले, "पाहुणे येणार म्हणून आठवडाभर खपलो. नवी खडी भरून रूळ चांगले तीन बोटं उचललेत."

"बोगद्यातसुद्धा?" मिनोबेसाननी विचारलं.

"तिथं तर आधी."

मिनोबेसाननी आपली दोन बोटं त्यांच्यासमोर धरली.

"म्हणजे छतच खाली आणलंत की," चालक सासामोतो म्हणाला. "एवढा पाहुणचार माझ्या सासुरवाडीतही होत नाही."

होशिनासानचा चेहरा पडला. तेवढ्यात द्राक्षं विकणाऱ्या कुमेआजी पुढं आल्या. "गाडी भरली की दबते ना? मग बसवा आम्हाला."

झालं. गाव आत घुसलं. द्राक्षांच्या टोपल्या, तोफूवाला त्याच्या पिंपासकट, स्वागताचा ढोलसुद्धा. मी खाली, आणखी खाली. मला हसू आवरेना.

सासामोतोने पांढरा हातमोजा पुढे रोखून खणखणीत आवाजात म्हटलं, "सिग्नल हिरवा." आणि आम्ही आत शिरलो. तार मला दाबत गेली, दाबत गेली, माझ्या स्प्रिंगा किंचाळल्या. अर्धं बोट उरलं. मग एकदम ऊन.

डब्यात कुमेआजींनी सवयीने नाक पुसलं आणि रुमालाकडे बघतच राहिल्या. तो पांढराच होता, काजळीचा ठिपकाही नाही. त्यांनी तो मिनोबेसानच्या हातात ठेवला, आणि ते सगळ्यांदेखत रडले.

आता बोगद्यांची जमीन खोल खणलीय, माझे धिप्पाड भाऊबंद ऐटीत जातात. मी माझ्या डब्यासकट स्टेशनच्या अंगणात असतो. गावकरी डबे घेऊन येतात, माझ्याखाली बसून जेवतात. तुम्हीही या. रिकामा डबा मला आवडत नाही.